व्हीए गृहकर्ज : अमेरिकी लष्करात नोकरी केलेल्यांनी पहिलं घर कसं घ्यावं

अमेरिकेच्या वेटरन्स अफेअर्स विभागाला सगळे व्हीए म्हणतात. ‘व्हीए लोन’ ऐकलं की वाटतं, हा विभागच घरासाठी पैसे देतो. तसं नाही. पैसे देते बँक, क्रेडिट युनियन किंवा मॉर्गेज कंपनी. व्हीए त्या कर्जाला जामीन राहतं. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीतला ठरावीक वाटा, बहुतेक घरांच्या बाबतीत कर्जाच्या २५ टक्क्यांपर्यंत, व्हीए भरून देतं. म्हणूनच बँक डाउन पेमेंटशिवाय कर्ज द्यायला तयार होते आणि दरमहा मॉर्गेज इन्शुरन्सही मागत नाही.

हे पक्कं लक्षात ठेवा, पुढचे निम्मे गोंधळ होणारच नाहीत. पात्रता, जामिनाची रक्कम, फंडिंग फी (जामीनकीसाठी घेतली जाणारी एकरकमी फी) आणि घराच्या किमान अटी व्हीए ठरवतं. व्याजदर, क्रेडिट स्कोअरची अट आणि शेवटी कर्ज द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. एका बँकेने नकार दिला म्हणजे व्हीएने नकार दिला, असं होत नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठीचा कायदा, ज्याला जीआय बिल म्हणतात, त्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केली. ही योजना त्यातूनच आली. तेव्हा जामीन जास्तीत जास्त २,००० डॉलरचा होता.

आज अमेरिकेतल्या मराठी घरांतही ही योजना लागू होणारी माणसं आहेत : तिथेच वाढलेली मुलं, ग्रीन कार्डवर भरती झालेले, आणि २००९ पासून काही वर्षं चाललेल्या मावनी या, नागरिक नसलेल्यांच्या भरतीच्या योजनेतून, हिंदीसारख्या भाषेच्या जोरावर, सैन्यात गेलेले. अर्जदार अमेरिकेचा नागरिकच हवा असं नाही. मोजली जाते ती अमेरिकी लष्करातली सेवा. भारतीय सेनेतली नोकरी यात धरत नाहीत. आणि घर अमेरिकेत किंवा तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातच हवं. पुण्याच्या किंवा पणजीच्या फ्लॅटसाठी हे कर्ज मिळत नाही.

पायरी १ : सेवा पुरेशी आहे का, ते तपासा

सध्या पूर्णवेळ सेवेत असाल तर सलग ९० दिवस पुरे होतात. २ ऑगस्ट १९९० नंतर सेवा करून बाहेर पडलेल्यांसाठी सर्वसाधारण अट सलग २४ महिन्यांची आहे, किंवा ज्या मुदतीसाठी बोलावलं होतं ती पूर्ण मुदत, पण किमान ९० दिवस. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे सोडावं लागलं असेल तर यापेक्षा कमी दिवसही चालतात. नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हमधल्यांना सहा वर्षांची मान्य सेवा लागते, किंवा सक्रिय सेवेचे ९० दिवस. गार्डमध्ये टायटल ३२ खाली, म्हणजे राज्याच्या हुकुमाखाली पण केंद्राच्या खर्चाने, केलेले ९० दिवसही धरतात, पण त्यातले किमान ३० सलग असावे लागतात.

सेवामुक्ती ‘डिसऑनरेबल’ नसावी. तिच्या खालोखालच्या शेऱ्यांवर व्हीए स्वतंत्रपणे विचार करतं आणि त्याला वेळ लागतो. असा शेरा असेल तर घर बघायला लागण्याच्या बरेच महिने आधी अर्ज करा.

मावनीतून आलेल्यांसाठी एक खुलासा. करार झाल्यापासून प्रत्यक्ष प्रशिक्षणाला रवाना होईपर्यंतचा, विलंबित प्रवेशातला काळ सक्रिय सेवेत मोजत नाहीत. काहींचा हा काळ वर्षावर लांबला. तो धरून २४ महिने भरत असतील, तर ते भरलेले नाहीत असंच समजा.

सैनिकाचा मृत्यू सेवेत असताना किंवा सेवेमुळे झाला असेल तर मागे राहिलेल्या पती किंवा पत्नीलाही हा हक्क मिळतो. वयाच्या ५७ व्या वर्षानंतर पुनर्विवाह केला तरी तो टिकू शकतो. ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

पायरी २ : सीओई काढा

सीओई म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र. ते तीन मार्गांनी मिळतं : व्हीएच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करून, फॉर्म २६-१८८० टपालाने पाठवून, किंवा बँकेमार्फत. बँकेला व्हीएच्या प्रणालीत थेट प्रवेश असतो आणि नोंदी सरळ असतील तर प्रमाणपत्र काही मिनिटांत हाती येतं. तरीही आधी स्वतः काढलेलं बरं. त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करायला तुमच्याकडे वेळ असतो. घराचा करार झाल्यावर नसतो.

सेवेतून बाहेर पडलेल्यांना डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, लागतो. त्याच्या अनेक प्रती असतात. छोट्या प्रतीवर सेवेचा शेरा आणि सोडण्याचं कारण छापलेलं नसतं, त्यामुळे ती परत येते. मेंबर-४ म्हणतात ती प्रत द्या. हरवली असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून मागवता येते, पण त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. सेवेत असलेल्यांनी युनिटकडून ‘स्टेटमेंट ऑफ सर्व्हिस’ घ्यावं : पूर्ण नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख, सेवेत दाखल झाल्याची तारीख, मध्ये खंड पडला असल्यास त्याचा काळ, आणि कमांडर, अॅडज्युटंट किंवा कार्मिक अधिकाऱ्याची सही. यातली एक नोंद राहिली तरी कागद परत येतो. गार्डवाल्यांना एनजीबी-२२ (गार्डमधल्या सेवेचा दाखला) आणि गुणांची नोंद, तर रिझर्व्हवाल्यांना निवृत्ती-गुणांचं ताजं विवरण द्यावं लागतं.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी वाचा. नाव पासपोर्टसारखंच आहे का. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागतं; सैन्याच्या नोंदीत ते कुठे गळतं, कुठे आडनावाला चिकटतं, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या शेवटच्या सह्यांच्या वेळी टायटल कंपनी (मालकीहक्क तपासणारी कंपनी) त्यावर अडते. दुसरं, आधी वापरलेला हक्क, म्हणजे जामिनाचा आधीच्या कर्जात गुंतलेला भाग, दाखवलाय का. तिसरं, फंडिंग फीसमोर ‘एक्झेम्प्ट’ (माफ) आहे की ‘नॉन-एक्झेम्प्ट’. या तिसऱ्या शब्दावर हजारो डॉलर अवलंबून असतात.

सीओई म्हणजे कर्जमंजुरी नव्हे. तुमच्यासाठी जामीन राहायला व्हीए तयार आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

पायरी ३ : फंडिंग फीचा हिशेब

जामीनकीचा खर्च करदात्यांवर पडू नये म्हणून व्हीए एकरकमी फी घेतं. एप्रिल २०२३ पासून घरखरेदीचे दर असे आहेत. पहिल्यांदा हक्क वापरताना आणि डाउन पेमेंट ५ टक्क्यांपेक्षा कमी असताना कर्जाच्या २.१५ टक्के. त्यानंतरच्या वेळी, तेवढ्याच डाउन पेमेंटला, ३.३ टक्के. ५ टक्के किंवा जास्त भरले तर १.५ आणि १० टक्के किंवा जास्त भरले तर १.२५ टक्के, इथे पहिली-दुसरी वेळ असा फरक नाही.

४,००,००० डॉलरचं घर धरा. काहीच न भरता पहिल्यांदा घेतलं तर फी ८,६०० डॉलर. ती कर्जातच मिळवता येते आणि बहुतेक जण तेच करतात, पण मग तिच्यावर व्याजही चढतं : साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांत हे ८,६०० डॉलर फेडताना हातून सुमारे १९,६०० जातात. दुसऱ्यांदा, काही न भरता, फी १३,२०० होते. तेच २०,००० डॉलर, म्हणजे ५ टक्के, भरले तर कर्ज ३,८०,००० आणि फी ५,७००. दुसऱ्यांदा घर घेणाऱ्याकडे तेवढी बचत असेल तर ५ टक्के भरणंच फायद्याचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फी कोणाला माफ? सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचा मोबदला व्हीएकडून घेणाऱ्यांना, अगदी १० टक्के दर्जा असला तरी. तो मोबदला मिळू शकत असूनही त्याऐवजी निवृत्तिवेतन किंवा सेवेतला पगार घेणाऱ्यांना. डीआयसी, म्हणजे सैनिकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारा व्हीएचा भत्ता, घेणाऱ्या विधवा-विधुरांना. आणि पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्यांना देतात ते पदक) मिळालेल्या, अजून सेवेत असलेल्या सैनिकांना.

अपंगत्वाचा अर्ज प्रलंबित असेल तर बँकेला पहिल्याच दिवशी सांगा. क्लोजिंगनंतर निकाल लागला आणि मोबदल्याची लागू तारीख क्लोजिंगच्या आधीची निघाली, तर भरलेली फी परत मागता येते. ती आपोआप खात्यात येईल अशी वाट बघत बसू नका. कर्ज चालवणारी कंपनी किंवा व्हीएचं प्रादेशिक कर्ज केंद्र यांच्याकडे मागणी करा.

पायरी ४ : किती झेपेल, हे बँकेच्या आधी तुम्ही ठरवा

व्हीएच्या नियमांत कमाल कर्जाचा आकडा नाही. १ जानेवारी २०२० पासून, पूर्ण हक्क शिल्लक असलेल्यांसाठी तो काढून टाकला. किमान क्रेडिट स्कोअरही व्हीए ठरवत नाही; बँका आपापला ठरवतात आणि ६२० हा आकडा बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो.

इतर कर्जांत नसलेली एक कसोटी मात्र इथे आहे : रेसिड्युअल इन्कम. कर, घराचा हप्ता, मालमत्ता कर, विमा, इतर हप्ते, पाळणाघर आणि घराची देखभाल हे सगळं वजा जाता महिन्याला हातात किती उरतं, ते बघतात. देखभाल आणि वीज-पाण्यासाठी घराच्या दर चौरस फुटाला १४ सेंट धरतात. ८०,००० डॉलर आणि त्यावरच्या कर्जाला चार जणांच्या कुटुंबासाठी ईशान्येत १,०२५, मध्य-पश्चिमेत आणि दक्षिणेत १,००३, पश्चिमेत १,११७ डॉलर उरायला हवेत. न्यू जर्सी ईशान्येत, टेक्सास आणि व्हर्जिनिया दक्षिणेत, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्य पश्चिमेत मोडतं. ही कसोटी आम्हाला सगळ्या योजनेतली सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण घरखर्च पगाराच्या टक्केवारीवर चालत नाही, उरलेल्या रोख पैशांवर चालतो.

उदाहरण घेऊ. सॅन दिएगोजवळ राहणारं चार जणांचं कुटुंब, मासिक उत्पन्न ९,००० डॉलर. कर १,८००. घराचा सगळा मिळून हप्ता २,९००. घर १,८०० चौरस फुटांचं, म्हणून देखभाल २५२. गाडीचा हप्ता ४५०, पाळणाघर ९००. उरले २,६९८. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पण हप्ता, गाडी आणि पाळणाघर मिळून ४,२५० डॉलर होतात, म्हणजे उत्पन्नाच्या ४७ टक्के. व्हीएचा मार्गदर्शक आकडा ४१ टक्क्यांचा आहे. तो ओलांडला की उरणारी रक्कम मर्यादेपेक्षा २० टक्के जास्त असावी, अशी अपेक्षा असते. इथे त्यासाठी १,३४० उरायला हवेत, म्हणजे कुटुंब सहज पास होतं.

आता यात नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता घाला, समजा महिना ५०० डॉलरच्या आसपास. प्रमाण ५३ टक्क्यांकडे जातं आणि काही बँका तिथे थांबतात. म्हणून अनेकांना वाटतं, भारतातलं कर्ज अमेरिकेच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाही, तर सांगायचं कशाला? सांगायचंच. अर्जात सगळी देणी लिहून खाली सही असते, आणि कर्जाच्या अर्जात खोटी माहिती देणं हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय खात्यातून दरमहा भारतात जाणारी रक्कम बँक स्टेटमेंटवर दिसतेच आणि अंडररायटर (अर्ज तपासणारा बँकेचा माणूस) तिचं कारण विचारतो. त्या फ्लॅटचं भाडं अमेरिकेच्या कर विवरणात दाखवलेलं असेल तर ते उत्पन्न म्हणून मांडायला आधार मिळतो. दाखवलेलं नसेल तर ते कोणी धरणार नाही.

कुटुंबाची मोजणी करताना घरात कायम राहणारी सगळी माणसं धरतात. ग्रीन कार्डवर आई-बाबा राहायला आले की चाराचे सहा होतात आणि पश्चिमेतली मर्यादा १,२३८ वर जाते.

उत्पन्नात घरभाडे भत्ता धरता येतो आणि त्यावर कर नसतो, अपंगत्वाच्या मोबदल्यावरही नसतो. मात्र सेवेची मुदत क्लोजिंगनंतर वर्षभरात संपणार असेल तर पुढच्या नोकरीचं पत्र किंवा पुन्हा भरती होत असल्याचा पुरावा लागतो. हे आयत्या वेळी आठवणारे फार.

आणखी दोन गोष्टी नात्यांबद्दल. पती किंवा पत्नी सैनिक नसली तरी दोघांच्या नावावर कर्ज निघतं आणि जामीन पूर्ण मिळतो. पण भाऊ, वडील किंवा मित्र सहकर्जदार असेल आणि तो सैनिक नसेल, तर व्हीए फक्त सैनिकाच्या वाट्याला जामीन राहतं. निम्मा-निम्मा वाटा असेल तर बँका साधारण साडेबारा टक्के डाउन पेमेंट मागतात, आणि कित्येक बँका असं कर्ज करतच नाहीत. वडिलांची मदत घ्यायची असेल तर त्यांना सहकर्जदार करण्यापेक्षा त्यांच्याकडून भेट म्हणून रक्कम घेणं सोपं. दुसरं, कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, अॅरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो, लुइझियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांत जोडीदाराचं नाव कर्जावर नसलं तरी त्याची देणी हिशेबात येतात.

भारतातून येणारी भेट

निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेला भेटीसाठी २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर) कापला जातो. तो विवरण भरून परत मिळतो किंवा वळता करता येतो, पण तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात. अमेरिकेत, परदेशी व्यक्तींकडून एका वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म चुकवला तर दंड मोठा बसतो.

बँकेला दाखवायचं ते एवढंच : ही रक्कम परत करायची नाही असं देणाऱ्याने सही करून दिलेलं भेटपत्र, त्याच्या खात्यातून पैसे निघाल्याची नोंद, आणि तुमच्या खात्यात आल्याची नोंद. बाबांच्या खात्यातून मामांच्या, तिथून मित्राच्या, मग तुमच्या खात्यात, असा प्रवास झाला तर प्रत्येक टप्प्याचे कागद मागतात. एकाच खात्यातून एकाच खात्यात पाठवा आणि घर शोधायला लागण्याच्या दोन-तीन महिने आधी पाठवा, कारण बँक साधारणपणे मागच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट बघते.

पायरी ५ : तीन बँकांचे आकडे शेजारी ठेवा

अर्ज केल्यावर तीन कामकाजी दिवसांत बँकेने ‘लोन एस्टिमेट’, म्हणजे दर आणि खर्चाचा अंदाजपत्रक, द्यावं लागतं. एकाच दिवशी तीन ठिकाणांहून ते घ्या, कारण दर रोज बदलतात. ४५ दिवसांच्या आत झालेल्या मॉर्गेजच्या चौकश्या क्रेडिट स्कोअरमध्ये एकच धरल्या जातात, त्यामुळे स्कोअर पडेल म्हणून घाबरू नका.

दुसऱ्या पानावरचा ‘ए’ विभाग वाचा. व्हीए कर्जात बँकेला स्वतःच्या कामाची फी म्हणून कर्जाच्या १ टक्क्यापर्यंतच घेता येते. ती १ टक्का घेतली, तर प्रोसेसिंग, अंडररायटिंग, कागदपत्रं तयार करणं अशा नावांनी वेगळं काही लावता येत नाही. डिस्काउंट पॉइंट, म्हणजे व्याजदर उतरवण्यासाठी आधीच भरायची रक्कम, मात्र वेगळे असतात, आणि ‘आमचा दर सर्वांत कमी’ म्हणणाऱ्या जाहिरातीत ते आधीच मिळवलेले असू शकतात. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा १ टक्का. म्हणून शून्य पॉइंटवर दर किती, हाच प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारा.

शून्य डाउन पेमेंट म्हणजे शून्य रोकड नव्हे. मूल्यांकन, टायटल विमा, नोंदणी, घरविम्याचा पहिला वर्षभराचा हप्ता, मालमत्ता कराची आगाऊ रक्कम, हे सगळं लागतं. विकणाऱ्याशी बोलून यातला भाग त्याच्यावर टाकता येतो. नेहमीचा क्लोजिंग खर्च त्याने कितीही उचलावा. फंडिंग फी, आगाऊ कर आणि विमा, तुमचं एखादं कर्ज फेडणं अशा सवलती मात्र घराच्या मूल्याच्या ४ टक्क्यांच्या आत हव्यात. ४,००,००० च्या घराला म्हणजे १६,०००. ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटची फी व्हीए कर्जदाराला स्वतः भरण्याची मुभा दिली आहे. ती कर्जात मिळवता येत नाही, म्हणून एजंटशी करार करतानाच तिचा आकडा ठरवून घ्या.

पायरी ६ : करार आणि मूल्यांकन

करारात व्हीएचं एस्केप क्लॉज असलंच पाहिजे. मूल्यांकन करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर तुम्ही बाहेर पडू शकता आणि इसाराची रक्कम परत मिळते, असं त्यात लिहिलेलं असतं. गर्दीच्या बाजारात एजंट सांगतात, बोली आकर्षक व्हावी म्हणून सगळ्या अटी सोडा. हे कलम तुम्हाला सोडता येत नाही, आणि ते चांगलंच आहे.

मूल्यांकन करणारा माणूस बँक निवडत नाही. व्हीए आपल्या यादीतून नेमतं. तो दोन गोष्टी बघतो : घराची किंमत, आणि ते राहायला सुरक्षित, भक्कम व आरोग्यदायी आहे की नाही. घरं नापास होण्याची कारणं ठरलेली असतात. १९७८ पूर्वीच्या घरात सुटलेले रंगाचे पोपडे, कारण त्यात शिसं असू शकतं. गळकं किंवा संपत आलेलं छप्पर. बंद पडलेलं हीटिंग. उघड्या तारा. कुजलेलं लाकूड. घराखालच्या पोकळीत साचलेलं पाणी, किंवा तिथे उतरायला वाटच नसणं. बऱ्याच राज्यांत वाळवीची तपासणी सक्तीची आहे. विहिरीचं पाणी असेल तर त्याची चाचणी लागते.

दुरुस्ती क्लोजिंगच्या आधी व्हावी लागते. सहसा विकणारा करतो. ‘जसं आहे तसं’ म्हणून विकायला काढलेल्या, विशेषतः बँकेने जप्त केलेल्या घरांत तो नकार देतो आणि सौदा तुटतो. अशी घरं पहिल्यांदा घेणाऱ्यांनी टाळावीत. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घेणार असाल तर ती इमारत व्हीएच्या मंजूर यादीत आहे का, ते घर बघायला जाण्याआधीच तपासा. यादीत नसलेल्या इमारतीला मंजुरी मिळवण्यात करारातली मुदत निघून जाते.

मूल्यांकनाला घराची तपासणी समजू नका. छतावर चढून, भिंतीमागचे नळ, विजेची पेटी, निचरा बघणारा तपासनीस स्वतः नेमा. काहीशे डॉलर जातील, पण हा खर्च कधीही वाचवू नका.

किंमत कमी येईल असं मूल्यांकन करणाऱ्याला वाटलं तर तो अहवाल पाठवण्याआधी कळवतो. याला टाइडवॉटर म्हणतात. जवळपासच्या अलीकडच्या विक्रीची उदाहरणं द्यायला दोन कामकाजी दिवस मिळतात, आणि हे काम एजंटचं आहे. त्याला आधीच विचारून ठेवा : टाइडवॉटर आलं तर तुम्ही काय पाठवाल? उत्तर अडखळत आलं तर दुसरा एजंट बघा. अंतिम आकडाही कमीच आला, तर पुनर्विचाराचा अर्ज, विकणाऱ्याशी किमतीची घासाघीस, फरक स्वतः रोख भरणं, किंवा एस्केप क्लॉज वापरून बाहेर पडणं, एवढे रस्ते उरतात.

पायरी ७ : क्लोजिंगपर्यंत गप्प बसा

या काळात नवी गाडी नको, नवं क्रेडिट कार्ड नको, फर्निचरचे हप्ते नकोत, नोकरी बदलणं नको. बँक शेवटच्या दिवसांत क्रेडिट पुन्हा बघते. विद्यार्थी कर्ज किंवा इतर सरकारी देणं थकलं असेल तर ते केंद्राच्या नोंदींत दिसतं आणि कर्ज अडतं, म्हणून ते आधीच मार्गी लावा.

‘क्लोजिंग डिस्क्लोजर’, म्हणजे अंतिम हिशेबाचं पत्रक, सह्यांच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी मिळायला हवं. लोन एस्टिमेट शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडा. पैसे वायरने पाठवायचे असतील तर टायटल कंपनीला, तुम्ही आधी स्वतः मिळवलेल्या क्रमांकावर, फोन करून खातं पडताळा. ‘खातं बदललंय’ अशी ईमेल आली तर ती फसवणूक आहे असंच धरून चाला. गेलेले पैसे परत येणं फार कठीण असतं.

साधारण ६० दिवसांत राहायला जायचं, असं तुम्ही लिहून देता. तुम्ही बाहेर तैनात असाल तर पती किंवा पत्नीने राहिलेलं चालतं. भाड्याने द्यायच्या किंवा सुट्टीच्या घरासाठी हे कर्ज नाही. मात्र चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेऊन एकात स्वतः राहिलात आणि बाकीची भाड्याने दिलीत, तर ते नियमात बसतं.

घर झाल्यावर

हक्क एकदाच वापरता येतो, हा पसरलेला गैरसमज आहे. घर विकून कर्ज फेडलं की तो पुन्हा पूर्ण मिळतो. कर्ज फेडलं पण घर ठेवलं, तरी आयुष्यात एकदा तो परत मिळवता येतो. पहिलं कर्ज चालू असतानाही उरलेल्या हक्कावर दुसरं घर घेता येतं. तेव्हा मात्र काउंटीसाठी (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागासाठी) ठरलेली कर्जमर्यादा आड येते. २०२५ मध्ये बहुतेक काउंट्यांत ती ८,०६,५०० डॉलर होती आणि दर वर्षी बदलते. तिचे २५ टक्के म्हणजे २,०१,६२५. पहिलं कर्ज २,४०,००० चं असेल तर ६०,००० चा हक्क गुंतला, शिल्लक १,४१,६२५. त्याच्या चौपट, म्हणजे ५,६६,५०० पर्यंतचं घर डाउन पेमेंटशिवाय. घर ६,५०,००० चं असेल तर त्याचे २५ टक्के १,६२,५००, आणि कमी पडणारे २०,८७५ डॉलर तुम्ही भरायचे.

हे कर्ज दुसऱ्याच्या नावे वर्गही होतं, अगदी सैनिक नसलेल्याच्याही, बँकेची मंजुरी आणि अर्धा टक्का फी देऊन. जुना कमी दर असलेलं घर त्यामुळे चटकन विकलं जातं. पण घेणारा सैनिक नसेल तर तो कर्ज फेडेपर्यंत तुमचा हक्क त्यात अडकून राहतो. आणि ‘रिलीज ऑफ लायबिलिटी’चा लेखी कागद घेतला नाही तर त्याने थकवलेल्या हप्त्यांची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

क्लोजिंगनंतर आठवड्याभरात सरकारी दिसणारी पत्रं यायला लागतील : दोन हप्ते भरू नका, लगेच रिफायनान्स (जुन्या कर्जाच्या जागी नवं कर्ज) करा. ती खासगी कंपन्यांची असतात. व्याज कमी करण्याच्या रिफायनान्सला नियम आहेत : पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून २१० दिवस आणि सहा हप्ते झालेले असावेत, स्थिर दरावरून स्थिर दरावर जाताना दर किमान अर्ध्या टक्क्याने उतरावा, आणि खर्च ३६ महिन्यांत भरून निघावा. न भरलेले हप्तेही माफ होत नाहीत, त्यांचं व्याज कर्जात जातं.

अपंगत्वाचा दर्जा असलेल्यांना अनेक राज्यं मालमत्ता करात सूट देतात. टेक्सास आणि न्यू जर्सीत १०० टक्के अपंगत्व असलेल्यांना राहत्या घराचा कर पूर्ण माफ होऊ शकतो. ती मागावी लागते. काउंटीच्या किंवा गावाच्या कर कार्यालयात, घर नावावर झाल्याबरोबर.

हप्ता चुकणार असं दिसलं, तर तो चुकायच्या आधी कर्ज चालवणाऱ्या कंपनीला फोन करा : हप्ते पुढे ढकलणं, थकबाकी विभागून भरणं, कर्जाची मुदत बदलणं हे मार्ग असतात. ३० जुलै २०२५ च्या कायद्याने थकलेली रक्कम वेगळी काढून कर्जाच्या शेवटी ठेवण्याची तरतूदही केली आहे. कंपनी दाद देत नसेल तर व्हीएचे कर्ज-तंत्रज्ञ ८७७-८२७-३७०२ या क्रमांकावर तुमच्या बाजूने तिच्याशी बोलतात. या सेवेला पैसे लागत नाहीत. घर वाचवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या कोणालाही एक डॉलर देऊ नका आणि घराच्या कागदावर सही करू नका.